त्वचेच्या कर्करोगाची निदानं वाढतात तेव्हा नेमकं काय वाढलेलं असतं?

प्रश्न थोडक्यात असा: एखाद्या प्रदेशात वीस वर्षांत त्वचेच्या कर्करोगाची निदानं दुप्पट-तिप्पट झाली, तर तिथे आजार वाढला असं समजायचं, की तो पूर्वीपेक्षा जास्त सापडू लागला असं?

बहुतेक ठिकाणी दोन्ही घडलेलं असतं. पण एवढं सांगून भागत नाही, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. आजार वाढला असेल तर उन्हापासून संरक्षण, टॅनिंगच्या (कृत्रिम अतिनील किरणांनी त्वचा तांबूस करणाऱ्या) यंत्रांवर बंदी, औषधांचे दुष्परिणाम, पाण्यातलं आर्सेनिक अशा कारणांच्या मागे लागावं लागतं. फक्त शोध वाढला असेल, तर तपासण्या आणखी वाढवल्याने आकडा आणखी फुगतो आणि ज्यांना कधीच त्रास झाला नसता अशा माणसांच्या अंगावर टाके पडतात. म्हणून वाढीचा कोणता हिस्सा कशामुळे आला, हे वेगळं करावं लागतं. ते जमण्यासारखं आहे, फक्त आकडे योग्य तऱ्हेने मागावे लागतात.

सुरुवात मोजणीपासून. ‘त्वचेचा कर्करोग’ या एका नावाखाली तीन मुख्य आजार येतात: बेसल सेल कार्सिनोमा, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आणि मेलानोमा (त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग). पहिले दोन संख्येने कितीतरी जास्त आढळतात, पण बहुतेक कर्करोग नोंदणी कार्यालयं त्यांची नियमित नोंद ठेवत नाहीत. हे रोग जिथे सर्वाधिक आहेत त्या ऑस्ट्रेलियातही राष्ट्रीय आकडेवारीत ते नेहमीच्या पद्धतीने मोजले जात नाहीत. एकाच माणसाला आयुष्यात दहा-वीस वेळा ते होऊ शकतात, अनेकदा बायॉप्सी (तुकडा काढून केलेली तपासणी) न करताच गोठवून किंवा मलम लावून काढले जातात, त्यामुळे मोजायचं काय, हेच ठरत नाही. मेलानोमाची नोंद बरी असते आणि त्वचेच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत त्याचा वाटा मोठा असतो. जागतिक अंदाजानुसार २०२२ साली मेलानोमाची सुमारे ३ लाख ३० हजार नवी निदानं आणि सुमारे ५९ हजार मृत्यू झाले. म्हणून पुढचं विवेचन मुख्यतः मेलानोमाचं आहे. ‘त्वचेचा कर्करोग वाढला’ असं कुणी म्हटलं, तर या तिघांपैकी कोणता, हे आधी विचारावं.

मेलानोमातही एक दरी आहे. पेशी बाह्यत्वचेच्या थरातच असतील तर त्याला ‘इन सिटू’ म्हणतात. त्या खाली उतरल्या की ‘आक्रमक’ मेलानोमा. नोंदणीच्या संकेतांकात हा फरक एका अंकाचा असतो: इन सिटूला २, आक्रमकाला ३. एका अहवालात दोन्ही धरले आणि दुसऱ्यात फक्त आक्रमक, तर दोन्हींची तुलना करताच येत नाही. इन सिटूची निदानं कित्येक देशांत आक्रमकांपेक्षा वेगाने वाढली आहेत, त्यामुळे ही चूक छोटी राहत नाही. एकाच माणसाला दुसरा मेलानोमा झाला तर काय करायचं, यावरही नियम वेगवेगळे आहेत. आंतरराष्ट्रीय नियमात सगळी त्वचा एक अवयव मानून पहिलाच मेलानोमा मोजतात. अमेरिकी नोंदणीत शरीराचा भाग वेगळा असेल, किंवा दोन निदानांत ६० दिवसांहून जास्त अंतर असेल, तर तो नवा धरला जातो. मधल्या काळात नियम बदलला असेल तर आलेखात पायरी दिसते, आणि त्या पायरीला लोक ‘आजाराची उसळी’ म्हणतात.

नोंदींच्या वाटाही तपासाव्यात. मेलानोमाचा रुग्ण बऱ्याचदा इस्पितळात दाखल होतच नाही. दवाखान्यात तीळ काढला, नमुना खासगी प्रयोगशाळेत गेला, प्रकरण संपलं. ती प्रयोगशाळा नोंदणीला कळवत नसेल तर हे निदान कुठेच उमटत नाही. पुढे तिने कळवायला सुरुवात केली, की त्या वर्षी दर अचानक वाढतो. उलट बाजूने, अगदी अलीकडच्या एक-दोन वर्षांचे आकडे उशिरा येणाऱ्या नोंदींमुळे कमी दिसतात. २०२० सालची घट तर महासाथीत दवाखाने बंद असल्यामुळे आली. तिला आजाराची घट मानून पुढच्या वर्षीच्या भरपाईला ‘वाढ’ म्हणणं चूक आहे.

आता वय. मेलानोमा उतारवयात जास्त होतो, त्यामुळे समाज म्हातारा झाला की कुणाचाही धोका न वाढता निदानं वाढतात. हिशेब करून पाहा. एक लाख वस्तीत समजा ९० हजार लोक साठीच्या आतले आहेत आणि त्यांच्यात लाखामागे १० रुग्ण निघतात, म्हणजे ९. उरलेल्या १० हजार वृद्धांत लाखामागे ६० निघतात, म्हणजे ६. एकूण १५. तीस वर्षांनी वस्ती तेवढीच, पण वृद्ध २५ हजार झाले. दोन्ही वयोगटांतले दर जसेच्या तसे ठेवले, तर तरुणांत साडेसात आणि वृद्धांत १५, एकूण साडेबावीस. निदानं दीडपट झाली आणि कुठल्याही वयाच्या माणसाचा धोका तसूभरही वाढलेला नाही. म्हणून वयप्रमाणित दर घ्यायचा, म्हणजे प्रत्येक वयोगटाचा दर एका ठरावीक वयरचनेच्या ‘प्रमाण लोकसंख्ये’ला लावून काढलेला दर, आणि दोन्ही वर्षांसाठी ही प्रमाण लोकसंख्या एकच वापरली आहे ना, ते बघायचं. युरोपीय प्रमाण लोकसंख्या २०१३ साली बदलली. जुन्या आणि नव्या प्रमाणावर काढलेले दर एका रेषेत जोडले, तर रेषा तुटतेच. जागतिक प्रमाण लोकसंख्येत तरुणांचं वजन जास्त असल्याने तिच्यावर काढलेला मेलानोमाचा दर कमी दिसतो.

लहान प्रदेशाचे आकडे असतील तर योगायोगाचाही विचार हवा. ढोबळ नियम असा, की मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाची दुप्पट, एवढा चढउतार निव्वळ योगायोगाने होऊ शकतो. वर्षाला १६ रुग्ण असतील तर आकडा ८ ते २४ मध्ये कुठेही पडू शकतो. एका वर्षी १२ आणि पुढच्या वर्षी १९ आले तर त्यावर बातमी होते, अर्थ मात्र काहीच निघत नाही. अशा ठिकाणी तीन किंवा पाच वर्षांची बेरीज करूनच तुलना करावी.

एवढं सगळं काढून टाकल्यावरही वाढ उरत असेल, तर मुख्य प्रश्न सुरू होतो: पाहणारे वाढले का?

मेलानोमा या बाबतीत इतर कर्करोगांहून वेगळा आहे. तो डोळ्यांना दिसतो. तपासणीला यंत्र लागत नाही, बायॉप्सी पाच मिनिटांत होते. त्यामुळे शोधाचं प्रमाण वाढवणं फार सोपं आहे. अमेरिकेत ६५ वर्षांवरील लोकांत १९८६ ते २००१ या काळात त्वचेच्या बायॉप्सीचं प्रमाण सुमारे अडीच पट झालं, आणि मेलानोमाची निदानं २.४ पट. दोन्ही रेषा बरोबरीने चढल्या. भर पडली ती जवळजवळ सगळी सुरुवातीच्या टप्प्यातल्या निदानांची. पसरलेल्या मेलानोमाचं प्रमाण आणि मृत्युदर यांत बदल दिसला नाही. अमेरिकेचं सर्वसाधारण चित्रही असंच आहे. १९७५ साली लाखामागे सुमारे ८ असलेली निदानं २०१० पर्यंत २० च्या पुढे गेली. याच काळात मृत्युदर लाखामागे दोनवरून पावणेतीनच्या आसपासच पोचला. म्हणजे थोडी खरी वाढ आहे, पण निदानांची वाढ तिच्या कितीतरी पुढे पळाली आहे.

यातली दुसरी कडी पॅथॉलॉजिस्टची, म्हणजे नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करणाऱ्या डॉक्टरची. बिघडलेला पण निरुपद्रवी तीळ आणि अगदी सुरुवातीचा मेलानोमा यांच्यामध्ये स्पष्ट रेषा नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात १८७ पॅथॉलॉजिस्टना २४० नमुन्यांच्या काचपट्ट्या वाचायला दिल्या होत्या. साध्या तिळांच्या बाबतीत तज्ज्ञांच्या एकमताशी ९२ टक्के जुळणी झाली. जास्त खोल गेलेल्या मेलानोमात ७२ टक्के. मधल्या गटांत मात्र ती २५ ते ४३ टक्क्यांवर घसरली. सर्वाधिक वाढ नेमकी या मधल्या पट्ट्यातच होते आहे. त्यात माणसाचा स्वभावही येतो. मेलानोमा निसटला तर खटला होऊ शकतो, जास्त निदान केलं तर रुग्ण आभार मानतो. अशा स्थितीत वर्षानुवर्षं उंबरठा खाली सरकत राहिला तर नवल नाही, आणि त्यासाठी कुणाला दोष देण्याचंही कारण नाही. आपल्या प्रदेशात तो किती सरकला हे तपासायचं असेल, तर वीस वर्षांपूर्वीच्या काचपट्ट्या आणि आजच्या काचपट्ट्या एकत्र मिसळून, तारखा झाकून, आजच्या पॅथॉलॉजिस्टकडून वाचून घ्याव्यात. जुन्या ‘निरुपद्रवी’ पट्ट्यांपैकी किती आज मेलानोमा ठरतात, ते समोर येतं. कष्टाचं काम आहे, पण याच्या तोडीचा दुसरा पुरावा क्वचितच मिळतो.

तिसरं, मोहिमा. जर्मनीतल्या श्लेसविग-होल्श्टाइन प्रांतात २००३-०४ मध्ये सुमारे ३ लाख ६० हजार लोकांची त्वचा तपासली गेली. त्या काळात निदानं वाढली. पुढे काही वर्षांनी तिथला मृत्युदर जवळजवळ निम्मा झाला, तेव्हा जगभर उत्साह पसरला आणि २००८ पासून देशभर ३५ वर्षांवरील सर्वांना दर दोन वर्षांनी तपासणीची सोय झाली. पण प्रांतातला मृत्युदर नंतर पुन्हा जुन्या पातळीवर आला, आणि देशभरच्या कार्यक्रमानंतरही अपेक्षित घट दिसली नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यगटाने २०२३ साली पुन्हा हेच म्हटलं, की कुठलंही लक्षण नसलेल्या सर्वसामान्य प्रौढांची सरसकट त्वचा-तपासणी करावी की नाही, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे.

मग खरी वाढ ओळखायची कशी? याचं सर्वांत उपयोगी साधन म्हणजे मेलानोमाची जाडी. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली दाखवून दिलं, की बाह्यत्वचेच्या कणीदार थराच्या वरच्या कडेपासून सर्वांत खोल गेलेल्या कर्करोग-पेशीपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजलं, तर पुढे काय होणार याचा चांगला अंदाज येतो. एक मिलिमीटरच्या आतला मेलानोमा बहुधा कापून काढला की संपतो. चार मिलिमीटरच्या वरचा धोकादायक असतो. जाड मेलानोमा लपून राहत नाही. तो वाढतो, रक्त येतं, माणूस डॉक्टरकडे जातोच. म्हणून जाड मेलानोमाचा दर शोधाच्या वाढीने फारसा फुगत नाही, आजाराच्या वाढीने मात्र वाढतो.

इथे एक चूक इतक्या वेळा होते, की ती उलगडून सांगायला हवी. समजा पूर्वी दहा लाखांमागे १०० मेलानोमा सापडत: ४० पातळ, ५० मधले, १० जाड. आता २५० सापडतात: १८५ पातळ, ५५ मधले, १० जाड. अहवाल म्हणतो, ‘जाड मेलानोमाचं प्रमाण १० टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं, लवकर निदानाचं हे यश.’ प्रत्यक्षात जाड मेलानोमा होते तेवढेच आहेत. छेदात मुख्यतः पातळ निदानांची भर पडल्याने टक्केवारी घसरली. लवकर निदानाने जीव वाचत असतील, तर जे पुढे जाड होणार होते ते आधी पकडले जाऊन जाडांचा दर दहाच्या खाली यायला हवा. म्हणून टक्केवारी नको, प्रत्येक जाडीचा लोकसंख्येमागचा दर मागा. ‘निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण वाढलं’ या वाक्यातही हीच खोट असते. ज्यांना त्या मेलानोमाने कधीच मारलं नसतं अशी माणसं यादीत आली, की जगणाऱ्यांची टक्केवारी आपोआप सुधारते.

जाडीच्या आकड्यांतही खाचा आहेत. वरवर खरवडून घेतलेल्या बायॉप्सीत तळ कापला गेला, तर जाडी ‘किमान इतकी’ एवढीच कळते, आणि तो मेलानोमा पातळांच्या रकान्यात जाऊन बसतो. खरवडून बायॉप्सी घेण्याची पद्धत जिथे वाढली, तिथे पातळांची वाढ काही अंशी यातूनही येते. कर्करोगाचे टप्पे ठरवण्याच्या नियमावलीची आठवी आवृत्ती २०१८ पासून लागू झाली. तिच्यात ०.८ मिलिमीटरची नवी सीमा आली आणि जाडी एक दशांश स्थळापर्यंत लिहायचं ठरलं. त्यामुळे टप्प्यांची तुलना करू नये, मिलिमीटरची करावी. जाडी न नोंदवलेल्यांचा रकाना किती मोठा आहे, हेही पाहावं. पूर्वी तीस टक्के ‘अज्ञात’ आणि आता पाच टक्के असतील, तर मधली पंचवीस टक्के माणसं कुठल्या ना कुठल्या रकान्यात वाढ म्हणून दिसणारच.

मृत्युदर हा पूर्वी चांगला साक्षीदार होता. २०११ नंतर त्याची साक्ष गढूळ झाली. त्या वर्षी अमेरिकेत इपिलिमुमॅब आणि वेमुराफेनिब या औषधांना मान्यता मिळाली, २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅबला. पसरलेल्या मेलानोमाचे रुग्ण, जे पूर्वी बहुधा वर्षभरात जात, त्यांतले बरेच आता वर्षानुवर्षं जगतात. ही औषधांची कमाई आहे आणि ती फार मोठी आहे. पण याच काळात तपासण्याही वाढल्या असतील, तर घटलेल्या मृत्युदराचं श्रेय तपासणीला देता येत नाही. अशा वेळी निदानाच्या क्षणीच पसरलेल्या अवस्थेत असलेल्या रुग्णांचा लोकसंख्येमागचा दर पाहावा, कारण औषधं निदानानंतर सुरू होतात आणि तो दर बदलू शकत नाहीत.

खरी वाढ असेल तर तिच्या खुणा ठरावीक ठिकाणी उमटतात. पहिली खूण पिढीची. त्वचेवरचं ऊन आणि कर्करोग यांच्यात दशकांचं अंतर असतं, त्यामुळे खरी वाढ कॅलेंडरच्या वर्षाप्रमाणे न चालता जन्मवर्षाप्रमाणे चालते. एखाद्या मोहिमेमुळे आलेली वाढ सगळ्या वयोगटांत एकाच वर्षी दिसते. ऑस्ट्रेलियात १९८१ साली शर्ट घाला, सनस्क्रीन लावा, टोपी घाला अशी मोहीम सुरू झाली. तिच्या सावलीत वाढलेल्या तरुणांत मेलानोमाचा दर १९९० च्या दशकाच्या मध्यापासून उतरत गेला, तर आधीच्या पिढ्यांतल्या वृद्धांत तो चढताच राहिला. एकाच देशात एकाच वेळी दोन दिशांना जाणारे हे दर फक्त ‘शोध वाढला’ म्हणून समजावता येत नाहीत.

दुसरी खूण शरीरावरच्या जागेची. वृद्धांच्या चेहऱ्यावर आणि डोक्यावर जन्मभराच्या उन्हाचा परिणाम दिसतो. पुरुषांची पाठ, स्त्रियांचे पाय इथे अधूनमधून बसलेल्या कडक उन्हाचा. टॅनिंगची यंत्रं वापरणाऱ्या समाजात तरुण स्त्रियांच्या धडावरचे मेलानोमा वाढले, तर तो धागा पकडावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली या यंत्रांना माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. ब्राझीलने त्याच वर्षी सौंदर्यासाठीचा त्यांचा वापर बंद केला.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमा वाढत असेल तर आणखी कारणं शोधावीत. अवयव-प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांत याचा धोका अनेक पटींनी जास्त असतो. रक्तदाबावरचं हायड्रोक्लोरोथायझाइड त्वचा उन्हाला हळवी करतं. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींत त्याचा एकूण डोस आणि हा कर्करोग यांचा संबंध दिसल्यावर युरोपच्या औषध नियामकाने २०१८ साली इशारा दिला. भूजलात आर्सेनिक असलेल्या भागांत तळहात-तळपायांवर कडक दाणे आणि अंगावर ठिपके उमटलेल्या माणसांत त्वचेचा कर्करोग होतो. तिथे ऊन बाजूला ठेवून आधी पाणी तपासावं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे.

आता सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या समाजांबद्दल, कारण वरचं सारं वाचून तिथे उलटा निष्कर्ष काढला जाण्याची भीती आहे. या समाजांत उन्हाने होणारा मेलानोमा कमी असतो. जो आढळतो त्यात तळपाय, तळहात आणि नखाखालचा प्रकार प्रमुख असतो. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही, आणि तो उशिरा सापडतो. जखम, कुरूप किंवा मार लागून काळवंडलेलं नख समजून महिनोन् महिने उपचार होत राहतात. अशा समाजात त्वचातज्ज्ञ नव्याने पोचले आणि निदानं वाढली, तर ‘अतिनिदान’ म्हणून ती झटकू नयेत. पूर्वी हे रुग्ण मोजलेच जात नव्हते. फरक पुन्हा जाडीनेच कळतो: नवी निदानं मधल्या आणि जाड गटात असतील तर ती आधी निसटणारी खरी प्रकरणं आहेत. काही वर्षांनी जाडांचा दर उतरू लागला, तर तपासणी कामी येते आहे.

हे सगळं तपासायचं असेल तर नोंदणी कार्यालयाकडे वर्षवार, लिंगवार आणि पाच-पाच वर्षांच्या वयोगटांनुसार आकडे मागा. इन सिटू आणि आक्रमक वेगळे, जाडी मिलिमीटरमध्ये, शरीराचा भाग, बायॉप्सीचा प्रकार आणि ‘अज्ञात’चे रकाने त्यात हवेत. प्रयोगशाळांकडून त्याच वर्षांतल्या त्वचेच्या एकूण बायॉप्सींची संख्या घ्या. एका मेलानोमामागे किती बायॉप्सी झाल्या, हे गुणोत्तर आकडा कसा वाढला ते बरंच सांगतं. बायॉप्सी दुप्पट, पातळ निदानं दुप्पट आणि जाडांचा दर स्थिर असेल, तर वाढ प्रामुख्याने शोधाची. बायॉप्सी तेवढ्याच राहून जाडांचा दर चढत असेल, तर आजार खरोखर वाढतो आहे आणि कारण शोधायला उशीर करू नये.

लोकसंख्येबद्दलचा हा हिशेब एका माणसाच्या अंगावरच्या डागाला लावायचा नाही. बदलणारा डाग डॉक्टरला दाखवायचाच: आकार वेडावाकडा होणं, कडा फाटल्यासारख्या दिसणं, एकाच डागात अनेक रंग येणं, सहा मिलिमीटरहून मोठा होणं आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे काही आठवड्यां-महिन्यांत फरक पडणं. नखावरची काळी-तपकिरी उभी रेघ रुंदावत असेल किंवा तिचा रंग मागच्या त्वचेवर उतरला असेल, आणि तळपायाची जखम काही आठवड्यांत भरत नसेल, तर बायॉप्सीचं विचारायला संकोच करू नये.